कोलंबी सोलून होईपर्यंत

आमच्या इमारतीच्या कुंपणापलीकडे नाथा केणे यांचं जुनं बैठं घर आहे. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, ती एके काळी त्यांच्या वडिलांची भाजीची वाडी होती. त्याआधी वडील खाडीकडे मिठागरात कामाला जात. डोंबिवलीत अशी घरं आता थोडी उरली आहेत, आणि जी उरली आहेत त्यांच्यासमोर बहुधा एखादी मोठी गाडी उभी असते. नाथांच्या दारात गाडी नाही, ओटा आहे. माझ्या गॅलरीतून तो सरळ दिसतो.

मी इथे राहायला आले त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी त्या ओट्यावरून गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागली. म्हणणारा पंचविशीचा एक तरुण होता. त्याचा आवाज बरा होता, पण नवल वेगळंच होतं. त्याच्याकडे कुणी लक्षच देत नव्हतं. दोन बायका समोर परात घेऊन कोलंबी सोलत होत्या आणि पाण्याचा टँकर कुणाच्या दारात आधी थांबला यावर तावातावाने बोलत होत्या. भिंतीला टेकून, डोळे मिटून, बनियनमधले एक गृहस्थ बसले होते. कोलंबी संपली, परात उचलून एक बाई आत गेली, तसे त्या गृहस्थांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "नाय लागली. दुसरी आन."

तरुण चपला घालून निघून गेला.

पुढच्या रविवारी तेच. माणूस तोच, ओळ वेगळी, परात तीच. "नाय लागली." माझ्या डायरीत त्या दिवशी एवढंच लिहिलं आहे : काय लागत नाही? तिसऱ्या रविवारी मला राहवेना. मी जिना उतरून गेले.

"नमस्कार. मी वरच्या मजल्यावर राहते. एक विचारू का?"

"इचारा ना, म्याडम. आवाजाचा त्रास होतो का?"

"नाही. काय लागत नाही, ते विचारायचं होतं."

नाथा मनापासून हसले. "गानं," ते म्हणाले. "बसा. बायजा, म्याडमना पाट दे."

बायजाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि दुसऱ्या त्यांच्या भावजय, कांता. मी शाकाहारी आहे हे कसं कुणास ठाऊक, पण बायजाबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि भिजवलेल्या वालांचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. "बसलाव तं हात चालू द्या," त्या म्हणाल्या. तेव्हापासून रविवारी सकाळी मी त्या ओट्यावर वाल सोलते.

नाथा हळदीची गाणी लिहितात. कल्याणपासून ठाण्यापर्यंतच्या आगरी गावांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हळद लागते, त्या मंडपात वाजणारी कितीतरी गाणी त्यांची आहेत. घरोघरची माणसं येऊन गाणं करायला सांगून जातात. कल्याणला प्रशांत नावाच्या गृहस्थांचं रेकॉर्डिंगचं छोटं दुकान आहे, तिथे दरवर्षी लग्नसराईआधी नाथांची नवी गाणी ध्वनिमुद्रित होतात. आणि ज्यांना गाणी लिहायला शिकायचं आहे, ती मुलंमुली रविवारी या ओट्यावर येतात.

शिकवण्याची पद्धत एकच. "बायकांना सांगायचं नाय की गानं ऐका," नाथांनी मला समजावलं. "त्या सोलतील, बोलतील, भांडतील. पोरानं आपली ओळ म्हनत राहायचं. कोलंबी सोलून होईपर्यंत दोघींतल्या एकीच्या तोंडात ती आपोआप आली, तं लागली. नाय आली तं टाकायची."

"आणि ओळ खरोखर चांगली असली तर?"

"तं घरी नेऊन कागदावर ठेवायची. हलदीला कागद नसतो, म्याडम. बायकांचे हात भरलेले असतात."

"आणि समजा मीच गुणगुणले तर?"

"तुमी गुनगुनल्या तं गानं बिघडलं समजू," बायजाबाई मध्येच म्हणाल्या, आणि कांता इतक्या हसल्या की कोलंबी हातातून सुटली.

नाथांना हे कुणी शिकवलं, हे मी हळूहळू विचारून घेतलं. त्यांच्या मावशी, रखमाबाई, धवलारीण होत्या. आगरी लग्नात गाणी म्हणून विधी लावणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. पूर्वी तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नसे. हे काम बायकांचं. पण नाथा लहानपणी मावशीचा पदर सोडत नसत, आणि तिच्याबरोबर लग्नघरी जाऊन चुलीपाशी बसत. मावशी गाणं शिकवत नसे. मसाला वाटता वाटता म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी विचारायची, "काल काय म्हनत होती मी?" आठवलं ते गाणं.

मोठेपणी ते एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात लागले. तिथला पिवळा रंग हातांना असा धरायचा की साबण, रॉकेल, चिंच, कशानेही जायचा नाही. त्यांच्या स्वतःच्या हळदीला बायका त्यांचे तळवे बघून ओरडल्या, "अगो, यो तं आधीच पिवला हाय! याला काय लावायचा?" त्या चेष्टेवर त्यांनी त्याच आठवड्यात गाणं केलं. ते पहिलं. पुढे कारखाना बंद झाला, हात स्वच्छ झाले, आणि गाणी चालू राहिली.

हळदीच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. ‘नाथा सांगे’, ‘नाथा बोले’, असं काहीतरी. शिकणाऱ्याच्या गाण्यातही नाथांचंच नाव येतं, कारण गाणं नाथांच्या ओट्यावरून पास झालेलं असतं आणि लोक नाथाचं म्हणूनच मागतात. पुढेमागे नाथा म्हणतात, "आता तुझं घाल." तसं त्यांनी आजवर मोजक्याच जणांना म्हटलं आहे. ज्याच्या ओळी मी पहिल्यांदा ऐकल्या त्या प्रितमला अजून म्हटलेलं नाही, आणि तो त्याचा वचपा इतरांची टिंगल करून काढतो.

कल्पिता ओट्यावर आली ती पावसाळा संपता संपता. आंबिवलीची मुलगी. घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, इतका लांबचा प्रवास करून लिहायला वेळ कधी मिळतो?

"घोडबंदरला जॅम लागला की एक कडवं होतं, आजी. पातलीपाड्याला बस अडकली की दोन."

तिच्या एका गाण्यात हळदीचं बोट लागून नवरीचा मोबाइल पिवळा होतो. ती ओळ ऐकून बायजाबाई आणि कांता खळखळून हसल्या. मला वाटलं, लागली. नाथा म्हणाले, "हसल्या. गायल्या नाय." ओळ गेली. मला ती मुलगी तेव्हाच आवडली, कारण ती रुसली नाही, तिने विचारलं, "काका, हसू आलं की गाणं का येत नाही?" नाथांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "तोंड एकच हाय ना." यावर आम्ही दोघीही घरी जाऊन विचार करत राहिलो.

वर्ष होत आलं तोवर तिची तीन गाणी नाथांच्या नावावर वाजत होती. चौथं तिने आणलं ते आईला उद्देशून होतं :

पिवला झाला पाट गो आये, पिवलं झालं दार,
हात धुवू नको गो आये, राहू दे दिस चार.

कोलंबी निम्मी व्हायच्या आत कांता ते म्हणू लागल्या. बायजाबाईंनी तर दुसरी ओळ म्हणताना स्वतःचे ओले हात पाहिले. नाथांनी डोळे उघडून कल्पिताकडे बघितलं.

"शेवटचं कडवं कोनाच्या नावानं केलंस?"

"तुमच्या. नेहमीसारखं. ‘नाथा सांगे ऐका गो बायांनो, रंग नाय जानार.’ पण काका, मला एक बोलायचंय. मे महिन्यात टिटवाळ्याला हळदीला गेलेलो आम्ही. माझं गाणं लागलं, आई नाचली त्याच्यावर. मी म्हटलं, हे मी लिहिलंय. तर आई काय बोलते, ‘तुझा असता तं तुझा नाव असता.’ बाजूची बाई पण मलाच समजावते, नाथाचं हाय म्हणून. दर रविवारी मी कुठे जाते, काय करते, आईला पटतच नाही. तिला वाटतं, मी तुमची गाणी लिहून घ्यायला येते."

"मंग घाल तुझं," नाथा म्हणाले. इतक्या सहज, की प्रितमने हातातला चहा खाली ठेवला. "‘कल्पिता सांगे’ म्हन. दिवाळीनंतर प्रशांतकडे जायचंय, तवा हेच गानं देऊ. पन लागलं पायजे."

मला वाटलं, हे आता झालंच. गाणं तर लागलेलंच आहे.

पुढच्या रविवारी कल्पिताने शेवटचं कडवं नव्याने म्हटलं : ‘कल्पिता सांगे ऐका गो बायांनो.’ बायजाबाई सोलता सोलता सगळं गाणं गुणगुणल्या, पाट, दार, हात, आणि शेवटाला आल्यावर म्हणाल्या, "नाथा सांगे ऐका गो बायांनो."

कांता हसल्या. नाथा म्हणाले, "परत."

परत म्हटलं. परत ‘नाथा सांगे’. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. कल्पिताने चाल थोडी बदलून पाहिली, नाव ओळीच्या मध्ये घातलं, शेवटी घातलं. बायजाबाईंच्या तोंडी ते फिरून नाथाच होई.

"एक कर," प्रितम म्हणाला. "नाव बदलून नाथी ठेव."

"तू तुझी एक ओळ तरी लागू दे आधी," कल्पिता म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

मी नाथांना विचारलं, की नियम तुमचाच आहे, मग तुम्हीच तिचं नाव घालून टाकलं तर काय बिघडेल?

"मी घालीन हो. प्रशांत रेकॉर्ड पन करील. पन मंडपात बायका नाथाच म्हननार. रेकॉर्डात एक न तोंडात एक. हिची आय कशाला खरं धरील? दिवाळीपर्यंत बघू. नाय लागलं तं माझ्याच नावानं जाईल. गानं चांगलं हाय, थांबवून चालनार नाय."

म्हणजे गाणं जाणार होतं. प्रश्न फक्त कल्पिताचा उरला होता. आणि एकदा का ते नाथांच्या नावाने गावोगाव पोचलं, की आईला पटवायचं साधन संपलं.

मला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. बायजाबाई दिवाळीच्या फराळाचं प्रमाण कधी विसरत नाहीत, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख माझ्याआधी त्यांना आठवते. एक नाव त्यांच्या तोंडी बसू नये, असं का?

दिवाळीआधीच्या एका रविवारी नाथा कल्याणला प्रशांतकडे गेले होते. ओट्यावर आम्ही बायकाच. कल्पितालाही सोलायला बसवलं होतं. मी विचारलंच.

"बायजाबाई, खरं सांगा. तुम्ही मुद्दाम ‘नाथा’ म्हणता का?"

"मुद्दाम कशाला? तोंडात येतो."

"खोटं नको बोलू गो," कांता म्हणाल्या. "म्याडम, हिनं लग्नात उखाना घेतला नव्हता. सगल्या मागं लागल्या तं उठून पलाली न कोठीत जाऊन बसली. कंदी नवऱ्याचं नाव घेतलं नाय हिनं. रेशनच्या आफिसात मानूस इचारतो, नवऱ्याचं नाव सांगा, तं ही माझ्याकरं बगते!"

"आमचे टायमाला कोन घेत व्हता?" बायजाबाई मान वर न करता म्हणाल्या. "सासू व्हती, जेठ व्हता. ‘अवो’ बोलायचा, नाय तं ‘ऐकलाव का’. पोर झाला तं पोराचा बापूस. पन लगीन झाल्या झाल्या त्याहीं पयला गाना केला व्हता. शेवटाला नाव आयला. मंडपात सगल्या बोलत व्हत्या, मी पन बोलली. कोन हसला नाय. सासूबाय पन बाजूलाच व्हती, तीपन तेच बोलत व्हती." त्यांनी हातातली कोलंबी सोलून परातीत टाकली. "गान्यातच घेते मी. दुसरीकरं कवा घेऊ?"

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. माझ्या यजमानांना मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून नावाने हाक मारत असे, आणि त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. ते गेल्यापासून ते नाव मोठ्याने उच्चारायचं माझ्याकडे निमित्त राहिलेलं नाही. मी वाल सोलत राहिले.

"काकी," कल्पिता म्हणाली, "मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुना काय सांगू? तुना तुझा नाव पायजे ना? तो बी बरोबरच हाय."

त्या दिवशी कल्पिता न गाताच घरी गेली. जाताना तिने बायजाबाईंचा हात धरला. मला वाटलं, ही आता हट्ट सोडणार. गाणं नाथांच्या नावाने जाईल आणि सगळे बरंच झालं म्हणतील. दारात मी तिला तसं विचारलंही.

"माहीत नाही, आजी. बघू, घोडबंदरला किती जॅम लागतो."

पुढचा रविवार दिवाळीआधीचा शेवटचा. नेमकी त्या दिवशी कोलंबी थोडी होती. कांता म्हणाल्या, बाजारात मालच नव्हता. कल्पिता आली, नमस्कार केला, आणि भिंतीपाशी उभी राहून गायला लागली. पाट झाला, दार झालं, हात झाले. बायजाबाई सवयीने गुणगुणत होत्या. मग शेवटचं कडवं आलं :

नाथाचे ओट्यावर शिकली कल्पिता, रंग नाय जानार.

नाथांनी खाडकन डोळे उघडले. "ह्ये काय?"

"ओळ आहे, काका."

"माझं नाव काढायचं ठरलं व्हतं. दोन दोन नावं कोन घालतं?"

"कोलंबी चालू आहे, काका. मध्ये बोलायचं नाही."

नियम त्यांचाच. ते गप्प बसले. पण डोळे मिटले नाहीत.

कल्पिता म्हणत राहिली. कांता सुनेच्या नव्या मिक्सरबद्दल सांगत होत्या. बायजाबाई ऐकत होत्या की नव्हत्या, कळत नव्हतं; त्यांनी गुणगुणणंच थांबवलं होतं. ‘नाथा’ही नाही, ‘कल्पिता’ही नाही. परातीतलं सोललेलं वाढत गेलं, टोपलीतलं कमी होत गेलं. माझे वाल केव्हाच संपले होते, मी सालंच चाळवत बसले होते. शेवटच्या चार-पाच कोलंब्या बायजाबाईंनी नेहमीपेक्षा सावकाश सोलल्या असं मला वाटलं, पण ते माझ्या मनाचेही खेळ असतील. मग त्या उठल्या, परात कमरेवर घेतली आणि आत गेल्या.

कल्पिता थांबली. नाथांनी नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

आतून नळाचा आवाज आला. भांड्यात पाणी पडू लागलं, आणि त्या पाण्यावरून बायजाबाईंचा आवाज, कुणाला ऐकवण्यासाठी नाही, कामातला :

"नाथाचे ओट्यावर शिकली कल्पिता..."

थोडं थांबून, जास्त खुल्या आवाजात, पुन्हा. ‘नाथा’वर जरा रेंगाळून, ‘कल्पिता’वर न अडखळता.

"टाइम संपलेला!" प्रितम ओरडला. "काका, सोलून झालेली! मी बघितलंय!"

"सोलून झाली," नाथा म्हणाले. "धुवून कुठं झाली अजून?"

"हे चीटिंग आहे! माझ्या वेळेला कधी धुवायला थांबलात?"

"तुझी ओळ म्हनत कोन धुवत व्हतं?" कांता म्हणाल्या.

नाथा आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "म्हातारपनी माझं नाव अर्धं केलंस गो!"

"अर्धा नाय," आतून उत्तर आलं, "पयला हाय."

दिवाळीनंतर गाणं कल्याणला ध्वनिमुद्रित झालं आणि लग्नसराईत आंबिवलीपर्यंत पोचलं. काय झालं ते कल्पिताने येऊन सांगितलं. शेजारच्या घरच्या हळदीला तिची आई बायकांत बसली होती. शेवटचं कडवं आलं, तशी बाजूची बाई म्हणाली, "ही कनची कल्पिता गो? कल्पिता तं गल्लोगल्ली हायत."

"मी म्हटलं, झालं, आता आई पण तेच बोलणार," कल्पिता म्हणाली. "तर आई गप्प. पूर्ण गाणं संपेपर्यंत गप्प. मग तिला बोलते, ‘दर ऐतवारी नाथाचे ओट्यावर जाते ती एकच हाय. माझी.’ आणि आजी, हळद लावून आलेली ना, घरी येऊन हात धुतलेच नाहीत तिने. जेवली पण चमच्याने."

बायजाबाई म्हणाल्या, "कोलंबी चमच्यानं खाल्ली?" आणि पदराने डोळे टिपून, मिरची लागली म्हणाल्या. मिरची त्या दिवशी ओट्यावर नव्हती.

या सगळ्यात नाथांचं मात्र काही दिवस ओट्यावर लक्ष नव्हतं. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "पोरीनं माझं नाव घातलं. मी मावशीचं कंदी घातलं नाय. ती बोलली नाय, मना सुचलं नाय." आणि ओट्यावरची कोलंबीची सालं गोळा करायला लागले.

गेले दोन रविवार ओट्यावर नाथा स्वतः उभे असतात. नवं गाणं आहे, शेवटच्या कडव्यात ‘रखमाचे चुलीपाशी’ अशी सुरुवात आहे. भिंतीला टेकून, डोळे मिटून, कल्पिता बसते. पहिल्या रविवारी बायजाबाई परात घेऊन आत गेल्या, कोलंबी धुतली, मीठ-हळदही लावली, आणि तरी काही ऐकू आलं नाही. प्रितमला इतका आनंद झाला की त्याने सगळ्यांसाठी वडापाव आणले. दुसऱ्या रविवारी कल्पिता म्हणाली, "नाय लागली, काका. दुसरी आणा." नाथा चपला घालून, आपल्याच घरातून, कुठेतरी निघून गेले.

आज तिसरा रविवार. मी वाल सोलायला खाली जायच्या आधी हे लिहायला बसले होते. खालून ओळ ऐकू येते आहे. मावशीचं नाव आता पुढे घेतलं आहे आणि चाल थोडी धिमी केली आहे, वाटण वाटताना हात जसा पुढेमागे जातो तशी. परात अजून निम्मीच भरलेली दिसते, टोपलीत कोलंबी बाकी आहे.